शेजाऱ्याचं सांग

बिर्केली टेकडीच्या रहिवासी मंडळाचं अध्यक्षपद मिळवायला फारसं काही लागत नाही. वार्षिक सभेला गैरहजर राहिलं की झालं. सिग्रुन त्या दिवशी तापानं फणफणली होती. सभेला आलेल्या मोजक्या मंडळींनी ही संधी साधून तिला एकमतानं निवडून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कागदपत्रांचं खोकं नि मंडळाचा मोठा थर्मास तिच्या दारात ठेवून सगळे पसार झाले. दुसरी कोणी असती तर कपाळावर हात मारून बसली असती. सिग्रुननं थर्मास उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं, तो व्हिनेगरनं दोनदा धुतला आणि कामाला लागली.

ती तशीच होती. उभा जन्म गावातली बस चालवण्यात गेलेला. बर्फात, धुक्यात, खाडीवरून येणाऱ्या आडव्या वाऱ्यात तिनं माणसं वेळेवर पोचवली होती आणि उशिरा धावत येणाऱ्याला आरशात बघून थांबायचं की नाही हे तिचं ती ठरवत आली होती. असल्या बाईला एक टेकडी चालवणं काय जड जाणार?

जड गेलं ते दुसरंच. मार्च महिन्यात नगरपालिकेनं जाहीर केलं की बिर्केलीचा जिना बंद करायचा. टेकडीवरून खाली बसथांब्यापर्यंत, शाळेपर्यंत, दुकानांपर्यंत उतरणारा तो अर्धा दगडी, अर्धा लाकडी जिना. फळ्या कुजल्यात, कठडा हलतो, दुरुस्तीला पैसा नाही. लोकांनी गाडीरस्त्यानं यावं-जावं. गाडीरस्ता म्हणजे टेकडीला वळसा घालून जाणारा, पदपथ नसलेला, मासळीच्या ट्रकांचा रस्ता.

हे सिग्रुनला फार लागलं, आणि त्याचं कारण मंडळाशी संबंधित नव्हतं. गेल्या शरदात डॉक्टरांनी तिला काचबिंदू सांगितला होता. समोरचं चांगलं दिसत होतं, उजवीकडचंही बरं होतं, पण डावी बाजू गेली होती, पुसल्यासारखी. लायसन्स परत करावं लागलं. तिनं गावात सांगितलं की मला कंटाळा आला म्हणून मुदतीआधी निवृत्त झाले, आणि स्वतःची गाडीही आता काढत नाही, पर्यावरणासाठी. लोकांनी तिचं कौतुक केलं. शाळेच्या मुलांनी तर तिला बोलावून तिच्याकडून पर्यावरणावर चार शब्द बोलून घेतले, तेही तिनं तोंड वर करून बोलून टाकले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जिना होता तोवर ती मूठ झाकलेली राहू शकत होती. कठड्याला हात लावला की जिना तिला डोळे मिटूनही उतरता येत होता. पण गाडीरस्त्यावरचं गिरणीपाशीचं वळण तिला ड्रायव्हरच्या खुर्चीतून पाठ होतं. तिथे कडेनं चालणारा माणूस ड्रायव्हरला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि डावीकडून येणारा ट्रक तिला दिसणारच नव्हता. म्हणजे जिना गेला की घर गेलं. बसच्या पगारातून फेडलेलं, दर तिसऱ्या उन्हाळ्यात स्वतःच्या हातानं लाल रंगवलेलं घर विकायचं आणि खाली गावात कुठल्यातरी फ्लॅटमध्ये जाऊन बसायचं. तिला ते नको होतं. अजिबात नको होतं.

मग बोलायचं ना तसं! पण बिर्केलीवर स्वतःसाठी काही मागणं म्हणजे सगळ्यांसाठी ठेवलेल्या ताटातला शेवटचा तुकडा उचलण्यासारखं. तो तुकडा तिथेच सुकतो, पण कोणी हात लावत नाही. नगरपालिकेचा यूस्टाइन नावाचा तरुण अधिकारी मार्चमध्ये घरोघर फिरला. सभ्य पोरगा, दारात बूट काढून आत यायचा. जिना बंद झाला तर तुमचं जमेल का, एवढंच विचारायचा. आणि घरोघर एकच उत्तर: जमेल की, त्यात काय.

शेवटच्या घरातली बोरघिल्ड ऐंशीच्या पुढची, काठी घेऊन चालणारी. तीही म्हणाली, जमेल. नेइमा ही इस्पितळातली परिचारिका, सोमालियातून येऊन टेकडीवर राहिलेली, पहाटेच्या पाळीला जिन्यानंच धावत उतरणारी. तिनंही जमेल म्हणून सांगितलं. कुरकुर न करण्याची इथली रीत तिनं इथल्या माणसांपेक्षा पक्की शिकून घेतली होती. आणि आपल्या अध्यक्षबाई? यूस्टाइननं विचारल्यावर सिग्रुननं हसून सांगितलं, "माझं काय, माझं जमेलच." मग दार लावून ती बूट घालायच्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. यूस्टाइननं खाली जाऊन प्रामाणिकपणे कळवलं की रहिवाशांची हरकत नाही. त्या पोराचा काय दोष?

तरी मेअखेरपर्यंत म्हणणं मांडायला मुदत होती. सिग्रुननं शाळेच्या सभागृहात सभा बोलावली. खांबाखांबावर कागद चिकटवले, बदामाचा केक केला, थर्मास काठोकाठ भरला. आली तीन माणसं. त्यातल्या एकाला वाटलं होतं की गायनवर्ग इथेच भरतो. तो केक खाऊन गेला. दुसरी बाई हिवाळ्यात हरवलेले हातमोजे शोधायला आली होती. उरला एस्किल.

एस्किल हा निवृत्त दंतवैद्य, सिग्रुनच्या घराला लागून राहणारा. टेकडीवरच्या निम्म्या दाढा त्याच्या हातच्या. मंडळात सिग्रुन काहीही सुचवो, त्याला विरोध करणं हा त्याचा ठरलेला व्यायाम होता. खेळाच्या जागेला हिरवा रंग द्यायचा म्हटलं की त्याला पिवळा हवा. त्या दिवशीही तो मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला.

"लोकांना बोलायला बोलावलंस तर कोण येणार?" तो म्हणाला. "सगळा जन्म मी हेच केलं, सिग्रुन. तोंड उघड म्हटलं की माणूस उद्या येतो म्हणतो."

"मग काय करू? घरोघर जाऊन पकडून आणू?"

"मला काय विचारतेस? अध्यक्ष तू आहेस." मग उठता उठता त्यानं विचारलं, "पण तुला एवढं का लागलंय गं त्या जिन्याचं?"

"मंडळाचं काम आहे म्हणून. माझं काय त्यात?"

एस्किलनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, टोपी घातली आणि गेला. उरलेला केक डब्यात भरताना सिग्रुनला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं चांगलं चालायचं. म्हातारा चिडका असेल, पण म्हणाला ते खरं होतं. बोलायला ये म्हटलं की टेकडी आजारी पडते. पण कचरा ओढायचं दाताळं घेऊन ये म्हटलं की?

दाताळं घेऊन ये म्हटलं की टेकडी यायची. मे महिन्यात राष्ट्रीय दिनाआधी जे श्रमदान होतं, त्याला दुगनाद म्हणतात, आणि त्याला न येणाऱ्या माणसाची वर्षभर धडगत नसते. कोणी बोलत नाही त्याला काही, पण त्याच्या फाटकापुढची, हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी तेवढी झाडायची राहून जाते. मोडलेल्या पायाचा माणूससुद्धा दुगनादला येऊन खुर्चीत बसून खिळे सरळ करतो. सिग्रुननं ठरवलं, या वेळचं दुगनाद जिन्यावर करायचं. मग तिनं यूस्टाइनला फोन लावला.

"ऐकून घ्यायची मुदत अजून संपली नाही ना? मग शनिवारी ऐकायला ये. आणि जुने कपडे घालून ये."

तो जरा चाचरला. सुट्टीचा दिवस आहे, म्हणाला. तिनं सांगितलं की वाफल असतील, मुरंबा असेल. तो आला.

शनिवारी टेकडी लोटली. बर्चला नुकती पोपटी पालवी फुटली होती, खाडीवर ऊन होतं, आणि कोण कुठलं काम करणार यावर सकाळीच दोन भांडणं होऊन मिटली होती. हिवाळ्यात निसरड्यावर पसरलेली खडी झाडून बादल्यांत भरली. कुजक्या फळ्या उचकटल्या, नव्या ठोकल्या. नेइमा रात्रपाळी करून थेट आली होती, तरी हातोडा तिनं कोणाच्या हातात दिला नाही. बोरघिल्ड वरच्या पायरीवर स्टुलावर बसून वाफल भाजत होती आणि खालच्यांना सूचना देत होती. यूस्टाइनच्या हातात एस्किलनं न बोलता एकचाकी ढकलगाडी दिली, आणि नगरपालिका दोन तास खडी वाहत राहिली. सिग्रुन सगळीकडे होती. तिचा आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचायच्या सवयीचा, त्यामुळे खालच्या थांब्यावर उभ्या असलेल्या लोकांनाही कळलं की तिसऱ्या वळणावरचा खिळा वाकडा बसलाय.

वाफल खायला सगळे पायऱ्यांवरच बसले, नाटकाला बसावं तसे. आता वेळ आली होती. सिग्रुननं यूस्टाइनला सांगितलं की तुला जे विचारायचं ते आता विचार, सगळे एकत्र आहेत. त्यानं तोंडातला घास गिळला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. जिना बंद झाला तर तुमचं जमेल का?

सगळ्यांनी आपापल्या बशीत बघितलं. घामानं शर्ट चिकटलेले, हातात नुकते फोड आलेले, आत्ताच ठोकलेल्या फळ्यांवर बसलेले लोक! आणि पहिला आवाज आला, "माझं जमेल." मग दुसरा. मग तिसरा. सिग्रुनला वाटलं, थर्मास उचलून एकेकाच्या डोक्यात घालावा. म्हणजे ही सगळी मेहनत करून, जिना ठाकठीक करून, ही माणसं तो हसतमुखानं देऊन टाकणार होती!

"माझंही जमेल बाई," बोरघिल्ड वरून म्हणाली. "मला कुठे जायचंय रोज रोज? या नेइमाचं मात्र अवघड आहे हो. पहाटे अंधारात त्या ट्रकच्या रस्त्यानं जायची बिचारी."

"माझं काही नाही, मी पळेन," नेइमा लगेच म्हणाली. "पण बोरघिल्ड..."

ती थांबली. पण सिग्रुननं ते पकडलं. बसमध्ये तिनं हेच बघितलं होतं. गारठलेला माणूस स्वतःसाठी हीटर वाढवा असं कधी म्हणायचा नाही. पण शेजारच्या सीटवरचं लेकरू गारठलंय, हे सांगायला तोच माणूस चालत्या बसमध्ये पुढपर्यंत यायचा. ती उभी राहिली.

"यूस्टाइन, तुझा प्रश्न चुकलाय," ती म्हणाली. "असं विचारलंस तर आमची टेकडी आगीत उभी राहूनही गरम होत नाही म्हणेल. आजपासून नियम. स्वतःचं कोणी बोलायचं नाही. ज्याला बोलायचंय त्यानं शेजाऱ्याचं सांगायचं. नेइमा, तू काय म्हणत होतीस बोरघिल्डचं?"

नेइमानं बोरघिल्डकडे माफी मागितल्यासारखं बघितलं आणि सांगितलं. बोरघिल्ड रोज जिन्यानं खाली जाते. दूध संपलेलं नसतं, ती थांब्यावरच्या बाकावर बसायला जाते, माणसं बघायला. रस्त्यानं तिला तिथे जाताच येणार नाही. मग ती दिवसभर कोणाशी बोलणार?

"चोंबडेपणा," बोरघिल्ड म्हणाली, पण वाफल भाजायचं विसरली. एक करपलं.

मग काय विचारता! बांध फुटला. ज्या टेकडीला स्वतःबद्दल दोन वाक्यं सुचत नव्हती, तिला शेजाऱ्याबद्दल धडाधड पाठ येत होतं. अमक्याचा गुडघा, तमकीचा मुलगा शाळेत एकटा जातो आणि आई खिडकीतून जिना संपेपर्यंत बघत असते. कोपऱ्यावरच्या जोडप्याची गाडी नादुरुस्त नाही, त्यांनी ती विकलीय, सांगत नाहीत. ज्याचं निघे तो लाल होऊन नाही नाही म्हणे, आणि लगेच सूड म्हणून सांगणाऱ्याचंच काहीतरी सांगे. हसणं, तक्रारी, मध्येच कोणीतरी डोळे पुसलेले. यूस्टाइननं बशी केव्हाच खाली ठेवली होती. त्याचे कान तापले होते, कारण हीच माणसं त्याच्यासमोर दारात उभं राहून हसली होती.

सिग्रुनचं मन भरून आलं. जमलं होतं. टेकडी बोलली होती, आणि आपली मूठही झाकलेली राहिली होती. तिनं टाळी वाजवून सांगितलं की पुरे झालं, उरलेल्या फळ्या ठोकायच्यात.

"अध्यक्षांचं राहिलं," एस्किल म्हणाला.

"माझं काही नाही."

"स्वतःचं बोलायचं नाही. नियम तुझाच." तो उठला, दोन पायऱ्या उतरला आणि यूस्टाइनसमोर उभा राहिला. "ही सिग्रुन माझी शेजारीण. हिवाळाभर ही मला ओळख देत नव्हती. मी फाटकाशी उभा, ही डोक्यावर टोपी ओढून सरळ पुढे. मला वाटलं, माझ्या विरोधाचा राग धरून बसलीय. मीही मग नमस्कार सोडला. मग एकदा माझ्या लक्षात आलं, मी हिच्या उजव्या हाताला उभा असलो की ही भांडते. डाव्या हाताला असलो की मी नसतोच."

सिग्रुनचा चेहरा तापला. तिला त्याचा असा राग आला की आपल्या तोंडातले त्याच्या हातचे सगळे दात उपटून त्याच्या हातात द्यावेत.

"एस्किल, बस खाली," ती म्हणाली.

"बसतो. हिला डावीकडचं दिसत नाही, यूस्टाइन. गाडी बंद केली ती पर्यावरणासाठी नाही. त्या रस्त्यावर ही एक महिना टिकायची नाही. हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, तिनं तो रस्ता जन्मभर चालवलाय." त्यानं घसा खाकरला. "आणि ही गेली तर मी सभेत विरोध कोणाला करू? झालं माझं."

तो खरंच बसला. यूस्टाइन सिग्रुनकडे वळला. त्यानं यावेळी जमेल का असं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "हे खरंय का, सिग्रुन?"

माझं काही नाही हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. ते म्हणायला किती सोपं होतं! तिनं समोर बघितलं. समोरचं तिला चांगलं दिसत होतं: पायऱ्यांवर बसलेली सगळी टेकडी, आपली गुपितं उघडी पडून लाल झालेली, आणि आता तिच्याकडे बघणारी. यांना बोलायला लावून आपण तेवढं गप्प राहायचं, हे तिला बरं दिसेना.

"खरंय," ती म्हणाली. "मला जमणार नाही. जिना गेला तर मला घर विकावं लागेल. मला ते विकायचं नाही. मला इथेच राहायचंय."

कोणी तिच्या गळ्यात पडलं नाही. तशी रीतच नाही. बोरघिल्डनं फक्त हाक मारून तिला वर बोलावलं आणि तिच्या बशीत ताटातलं शेवटचं वाफल घातलं. सिग्रुननं सगळ्यांदेखत ते खाल्लं.

यूस्टाइन म्हणाला की हे सगळं तो खाली सांगेल, पण त्याच्या तोंडून ते ऐकण्यात आणि यांच्या तोंडून ऐकण्यात फरक आहे. नगरपालिकेच्या बैठकीला कोण येईल? सगळ्यांच्या वतीनं एस्किलनं सांगितलं की सगळेच येतील, फक्त स्वतःबद्दल विचारायचं नाही ही अट आहे.

आणि आले. जूनमध्ये नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. कोणी भाषण केलं नाही. एकेक जण उठला, शेजाऱ्याचं नाव घेतलं, सांगितलं, बसला. समोरच्या मंडळींना हरकतींची उत्तरं द्यायची सवय होती, पण नेइमा बोरघिल्डबद्दल बोलते आणि बोरघिल्ड नेइमाबद्दल, याला उत्तर काय देणार? ठराव झाला: जिना राहील. लाकूड आणि नवा कठडा नगरपालिका देईल, हात टेकडीचे.

टेकडी जिन्यानंच घरी निघाली. ऊन अजून खाडीवर होतं. पोरं पुढे, बोरघिल्ड दोघांच्या खांद्यावर हात ठेवून मध्ये, आणि सगळ्यांच्या मागे सिग्रुन आणि एस्किल. नवा कठडा कुठल्या रंगाचा हवा यावर त्यांचं सुरू झालं होतं. एस्किल लक्षात ठेवून तिच्या उजव्या हाताला चालत होता, म्हणजे तिला दिसेल.

निम्म्या वाटेवर सिग्रुन थांबली.

"तू या बाजूनं नको चालूस," ती म्हणाली. "डावीकडून चाल."

"तिकडून चाललो तर तुला मी दिसणार नाही."

"माहीत आहे. इकडचं माझं मला दिसतं. तिकडे कोणीतरी हवं."

याला मात्र एस्किलनं विरोध केला नाही. तो तिच्या पाठीमागून वळसा घालून डावीकडे गेला. सिग्रुनला तो दिसेनासा झाला. मग पुढच्या पायरीवर, अगदी जवळून, त्याचा आवाज आला की कठडा पिवळाच हवा, आणि ती निर्धास्त वर चढू लागली.